घाट उतरून कोकणात बोअर मारताय? या चुका टाळा

कुंभार्ली घाट उतरणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या गाड्या आता नुसत्या मासे खायला जात नाहीत. द्राक्षाचे, हळदीचे नाहीतर रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे हातात आले की गुहागर, दापोली, मालवण असं कुठंतरी वीस-तीस गुंठे घ्यायचे. चार नारळ, दोन खोल्या, जमलं तर पाहुण्यांसाठी होम-स्टे. हौसेला माझी ना नाही. पण एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात. "पाणी मचूळ यायला लागलंय, काहीतरी उपाय सांगा." हा प्रश्न व्यवहाराच्या आधी विचारायचा असतो, हे सांगितलं की समोरचा गप्प होतो आणि मग दुसऱ्या कुणाला तरी फोन लावतो.

विहिरी आणि बोअरची पाहणी हा माझा धंदा. उमेद सगळी जत, कवठेमहांकाळ, खटाव, माणच्या खडकात गेली. किनाऱ्यावरची कामं आपल्याच लोकांमुळे मागे लागली. तिथं बघतो ते असं, की माणूस घाट उतरतो पण सवयी वरच्याच घेऊन उतरतो.

त्या सवयी आपल्याकडे चुकीच्या नाहीत. आपला खडक बेसॉल्टचा. वर मुरूम, मग मांजऱ्या खडक, मध्येच लाल गेरूचा पट्टा, खाली काळा पाषाण. पाणी असतं ते फटीत आणि भेगेत. भेग गाठली तर दोन इंची, नाही गाठली तर धुरळा. म्हणून आपला माणूस खोल जातो, विहिरीच्या पोटातून आडवे बोअर मारतो, मिळेल तेव्हा ओढून शेततळं भरून ठेवतो. आटपाडीत ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथं दुसरं करणार काय?

किनाऱ्यावर बोअर सहसा कोरडं जात नाही. समुद्र शेजारी आहे, पाणी लागणारच. कुठलं लागणार एवढाच प्रश्न असतो, आणि तो कुणी विचारत नाही.

दिवाळीत पाणी चाखून इसार देणे

जमीन दाखवणारा एजंट दिवाळीच्या सुट्टीतच बोलावतो. तेव्हा विहीर काठोकाठ, पाणी आरशासारखं, वर हिरवंगार. ओंजळभर पिऊन बघायचं, "साखर आहे साखर" म्हणायचं आणि इसार द्यायचा. चार महिने पाऊस कोसळून गेल्यावर कोकणातली कुठली विहीर गोड नसते? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात मे महिन्यात टँकर फिरतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पाणी बघायचं ते मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. त्यातही अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला. भरती पूर्ण असताना एक नमुना, ओहोटीला एक. किनाऱ्याजवळच्या विहिरीची पातळी भरती-ओहोटीबरोबर थोडी हलते, काही ठिकाणी खारटपणाही हलतो. दोन नमुन्यांत फरक दिसला तर विहिरीचा आणि खाडीचा कुठंतरी सरळ रस्ता आहे असं समजायचं आणि तिथं बागायतीचा नाद सोडायचा. विकणारा मेपर्यंत थांबायला तयार नसेल तर त्याला ते पाणी माहीत आहे, एवढं तरी कळतं.

शेजारच्या घरात जाऊन पाणी मागणं हीही एक तपासणीच आहे. पाहुण्याला पाणी द्यायला कोकणात कुणी नाही म्हणत नाही. मे महिन्यात त्यांनी स्वतःच्या विहिरीचं दिलं की हंड्यातलं, लांबून आणलेलं दिलं, यावर मी निम्मा अंदाज बांधतो.

खोल गेलं की पाणी चांगलं लागतं हा समज

ही माझी नावडती चूक. हिच्यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण हिच्यामुळे स्वतःचं नुकसान होतं ते होतंच, शेजाऱ्याचंही होतं.

तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार. आपण त्यांना अण्णा म्हणू. कष्टाळू माणूस, बागेत एक घड वाया जाऊ देणार नाही. गुहागर तालुक्यात खाडीपासून हाकेच्या अंतरावर दोन एकर नारळ-पोफळीची जुनी वाडी घेतली. वाडीत चिऱ्यानं बांधलेली अठरा फुटी विहीर, तिच्यावर रहाटाचा जुना ओटा अजून शाबूत. पाणी गोड. जुना मालक त्याच विहिरीवर वाडी पोसत आला होता.

अण्णांना अठरा फूट म्हणजे चेष्टा वाटली. "आमच्याकडं अठरा फुटांत नांगराचा फाळ जातो," म्हणाले. तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी आंबा घाटातून खाली उतरवली. नव्वद फुटांवर पाणी लागलं, तरी थांबले नाहीत. सव्वादोनशेवर तीन इंची लागलं. पेढे वाटले. पाच एचपीची मोटार सोडली, रात्रंदिवस चालवून प्लॅस्टिकचं शेततळं भरलं, कारण पाणी डोळ्यांना दिसल्याशिवाय आपल्या माणसाला झोप येत नाही. पोफळीला ठिबक, मधल्या जागेत केळी.

पहिले काही आठवडे पाणी गोडच होतं. इथंच सगळे फसतात. संक्रांतीच्या सुमाराला चहा मचूळ लागायला लागला. शिमग्यापर्यंत पोफळीच्या खालच्या झावळ्यांची टोकं करपली. मग शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या. "भाऊ, तुमचा पंप लागल्यापासून आमची विहीर खारवली हो. सासऱ्यांच्या वेळची विहीर आहे ती." अण्णांनी त्यांना समजावलं की काळजी करू नका, वरचा थर खारा असेल, अजून शंभर फूट खाली गोड लागेल. आणि खरंच दुसरं बोअर मारलं. ते पहिल्या दिवसापासून खारट. मला फोन आला तो यानंतर. प्रश्न होता, "तळ्यात जिप्सम टाकू का?"

आता यात झालं काय ते बघा. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरतात, गोड्याची १. किनाऱ्यावर जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी, समुद्राकडून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. या तरंगण्याचा हिशेब १८८९ मध्ये डच अभियंता बादोन गायबेन यानं मांडला आणि १९०१ मध्ये जर्मनीत हेर्त्सबेर्ग यानं स्वतंत्रपणे तोच काढला. हिशेब असा: भूजलाची पातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. दोन फूट वर असेल तर ऐंशी. ऐकायला छान वाटतं. पण तो उलटाही चालतो. उपसून वरची पातळी एक फूट उतरवली की खालची खाऱ्याची हद्द चाळीस फूट वर यायला बघते. बोअरच्या तोंडाखाली तर खारं पाणी शंकूसारखं वर चढतं, कारण ओढ तिथंच असते.

अण्णांच्या विहिरीचं पाणी समुद्रपातळीच्या वर दीड-दोन फूट असेल नसेल. म्हणजे गोड्याची जाडी साठ ते ऐंशी फूट, तीही कागदावर. बोअर गेलं सव्वादोनशेवर. सुरुवातीला गोडं आलं ते वरच्या भेगांमधून ओढलेलं, वाडीचं आणि आजींचं. ते संपलं तसं खालचं वर आलं. दुसरं बोअर तर सरळ खाऱ्यातच उतरवलं. हा हिशेब वाळूत जितका नेटका बसतो तितका खडकात बसत नाही. खडकात एखादी भेग थेट खाडीकडे गेलेली असली तर चाळीस फुटांचंही अभय नाही. आणि गोडं-खारं यांच्यात रेघ ओढल्यासारखी हद्द नसते, मध्ये मचूळ पाण्याचा पट्टा असतो, उपसा वाढला की तो पट्टाच जाड होत जातो.

जुनी अठरा फुटी विहीर म्हणूनच अठरा फुटी होती. रहाट हळू चालायचा, बैल दमायचे, विहिरीला श्वास मिळायचा. सायीसारखं वरचं वर अलगद काढून घ्यायची ती पद्धत. गुहागर असो की अलिबागकडचं रेवदंडा-नागाव, समुद्राला चिकटून असलेल्या वाड्या त्या पद्धतीवर पिढ्यान्‌पिढ्या हिरव्या राहिल्या. आपण जाऊन त्यांना पाणी शिकवतो.

पुढं काय केलं? दोन्ही मोटारी काढल्या. दोन्ही बोअर बुजवली. जुन्या विहिरीवर एक एचपीची मोटार, दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं. केळी काढून टाकली. आजींच्या विहिरीचं पाणी पहिल्या पावसाळ्यानंतर बरंच सुधारलं, अण्णांच्या वाडीला दोन पावसाळे लागले. नारळ तगले, नारळाला थोडं मीठ सोसतं. पोफळी बऱ्याचशा गेल्या.

मी स्वतः किनाऱ्यापासून किलोमीटरभराच्या आत बोअरची शिफारस करतच नाही. उघडी विहीर, उथळ आणि जमेल तेवढी रुंद. खोली वाढवायचा मोह झाला तर व्यास वाढवा. आणि विहिरीच्या आतल्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं एक पट्टा ओढतो, समुद्राच्या सरासरी पातळीच्या एक फूट वर. पातळी काढायला गावातल्या सर्व्हेअरला बोलवावं, तो तासाभरात काढून देतो. पाणी पट्ट्याला टेकलं की मोटार बंद. लग्न असो, पाहुणे असोत, बंद. फ्लोट स्विच बसवला तर भांडणही होत नाही.

मोठी मोटार

"पाच एचपी पडून आहे, तीच टाकतो." टाकू नका.

पेनसारख्या मीटरवर विश्वास ठेवणे

ऑनलाइन मिळणारं ते टीडीएसचं पेन आता प्रत्येकाच्या खिशात असतं. पाण्यात बुडवायचं, आकडा आला की फोटो काढून पाठवायचा, "६५० आलं, चांगलं की वाईट?" मी काय सांगू? जतच्या कित्येक बोअरांचा आकडा याहून जास्त येतो आणि त्याचं कारण खडकातला कठीणपणा किंवा शेतातून झिरपलेलं खत असतं. किनाऱ्यावर ६५० चा अर्थ वेगळा असू शकतो. पेन सगळे क्षार एकत्र मोजतं, कुठले ते सांगत नाही.

प्रयोगशाळेत क्लोराइड आणि बायकार्बोनेट हे दोन मागून घ्या. पावसाचं मुरलेलं साधं भूजल असेल तर बायकार्बोनेट वरचढ असतं. क्लोराइड त्याच्या पुढं जायला लागलं की समुद्र आत येतोय, अशी शंका घ्यायची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीत दोन लिटर समुद्र मिसळला तरी क्लोराइड ३८० नं वाढतं. पाच लिटर मिसळला की विहीर पिण्यातून बादच झाली म्हणा. एवढंसं मिसळायला पुरतं, म्हणून वेळेवर कळायला हवं.

एका आकड्यावरून काही ठरत नाही. दर महिन्याच्या अमावास्येला एक बाटली भरायची, तारीख टाकायची, आकडे वहीत मांडायचे. वर्षभराची वही ज्यानं आणली त्याचं काम मी आधी करतो. असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटतात.

क्षारपडचं औषध किनाऱ्यावर लावणे

वाळवा, मिरज, पलूसच्या माणसाला खारं म्हटलं की जिप्सम आठवतं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचं क्षारपड जमिनीवर एवढं काम आहे, त्यातलं आपण नेमकं जिप्समचं पोतं तेवढं लक्षात ठेवलं. आपली जमीन खारी झाली ती उसाला मोकाट पाणी पाजून आणि निचरा न ठेवून. पाणी वर आलं, उन्हानं उडालं, मीठ मागं राहिलं. तिथं चर काढून जादा पाणी बाहेर घालवायचं असतं. जिप्सम चिकट सोडियम सोडवतं, पण सुटलेला सोडियम धुऊन जायला निचरा लागतो.

किनाऱ्यावरच्या विहिरीचं दुखणं उलटं आहे. तिथं जमिनीत गोडं पाणी कमी पडलंय म्हणून खारं आत आलं. तिथं चर काढून पाणी लवकर बाहेर घालवलं तर आजार वाढतो. आणि समुद्राच्या मिठावर विहिरीत जिप्सम टाकणं म्हणजे मिठात आणखी एक क्षार घालणं. अण्णांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की पोतं तासगावलाच ठेवा.

कातळ सपाट करणे

ही माझी दुसरी नावडती चूक, आणि ही करणाऱ्याला आपण पाण्याचं काही केलंय हेही माहीत नसतं.

जांभा खडक सातारकरांना नवा नाही. कासचं पठार, पाचगणीचं टेबललँड, ही जांभ्याचीच टोपी आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळमाळावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली जातो, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतो आणि मग कडेनं झऱ्यानं बाहेर पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर हेच चालतं. सड्याखालच्या वाडीची विहीर म्हणजे वरच्या कातळाचंच पाणी. आणि हेच मुरलेलं पाणी हळूहळू समुद्राकडे सरकत असतं म्हणून खारं पाणी आपल्या हद्दीत राहतं.

आता आपला माणूस काय करतो? समुद्र दिसतो म्हणून सड्यावर जमीन घेतो. जेसीबी लावून कातळ फोडतो, डबकी आणि घळी मुरुमानं भरतो, वर पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून उताराला पक्की गटारं. साइट झकास दिसते. पाऊस पडला की सगळं पाणी गटारातून खाडीत. खालच्या वाडीचा झरा पूर्वी फेब्रुवारीपर्यंत वाहायचा, तो नाताळलाच आटतो. वाडीतल्या विहिरीची पातळी उतरते आणि चाळीसाचा हिशेब चालू होतो. सड्यावरच्या बंगल्याला याचा पत्ताच नसतो, कारण त्याची टाकी टँकरनं भरते. टँकर भरतो कुठं? बहुतेक वेळा खालच्याच एखाद्या विहिरीवर.

चिरेखाणीचंही तेच. पाणी मुरवणारा थरच कापून घरं बांधायला नेला, तर मुरायला राहिलं काय? सोडलेली खाण पाण्यानं भरलेली दिसते म्हणून "बघा, पाणी साठतंय" म्हणतात. थोडंफार मुरतं, काही ठिकाणी चांगलंही मुरतं, पण तळ गाळानं बसला की ते नुसतं उघडं तळं, उन्हाळ्याच्या आत वाफ होणारं.

कराडकडच्या एका निवृत्त गृहस्थांना मी एवढंच करायला लावलं: निम्मं पेव्हिंग उखडा, गटाराचं तोंड खाडीऐवजी झाडीतल्या दोन-तीन खड्ड्यांकडे वळवा, कातळावरची नैसर्गिक डबकी बुजवू नका. ते नाराज झाले, कारण गाडी लावायला चिखल होतो म्हणे. होऊ दे की.

खाजणात भराव

खाडीकाठची सखल जमीन स्वस्त मिळते म्हणून घेतात आणि मुरूम टाकून उंच करतात. त्या भरावाखाली कुणाची तरी खारबंदिस्तीची, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची, उघाडी (झडपेचं दार) असते. ही उघाडी ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊ देत नाही. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या तिची डागडुजी करत आलेले. तिच्यावर मुरूम टाकला, किंवा बांध फुटला आणि कुणी लक्ष दिलं नाही, की खारं पाणी शेतात पसरतं आणि मागच्या विहिरी नासतात. तिवरं, म्हणजे कांदळवन, तोडाल तर बांधावरचा लाटांचा मार वाढतो. शिवाय तो गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कांदळवन तोडायला राज्यभर बंदी घातली आहे.

"पाऊस पुष्कळ आहे, आपल्याला काय"

पाऊस किती यापेक्षा कसा पडतो ते बघा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपली सांगली पाण्याखाली होती आणि जत-आटपाडीत टँकर चालू होते. चार दिवसांत कोसळलेलं पाणी नदी घेऊन जाते, जमीन ते पिऊ शकत नाही. मुरायला भिजपाऊस लागतो. मोठ्या सरी वाढल्या, मधल्या उघडिपी लांबल्या, तर वर्षाचा आकडा तोच राहूनही विहिरीत कमी उतरतं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी खटाव-माणमध्ये काय झालं ते सांगायला नको. किनाऱ्यावर पाऊस जूनमध्ये लांबला की विहिरींची सर्वांत खालची पातळी आणखी दोन आठवडे खालीच राहते. हेच दिवस सुट्टीच्या पर्यटकांचे. उपसा सर्वांत जास्त, पाणी सर्वांत कमी.

समुद्राची पातळीही वाढते आहे. जगाची सरासरी बघितली तर १९०१ ते २०१८ या काळात सुमारे वीस सेंटिमीटर, आणि २००६ नंतर वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या वेगानं. लोक मला हा आकडा तोंडावर फेकतात, "समुद्रच चढतोय, आम्ही काय करणार?" पाच एचपीची मोटार एका रात्रीत विहिरीची पातळी जेवढी उतरवते तेवढं चढायला समुद्राला कैक दशकं लागतील. त्याच्यावर ढकलू नका. त्याचा त्रास होणार आहे तो सखल खाजणात आणि वादळाच्या वेळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं रायगड आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या केल्या. वादळात लाट विहिरीत शिरली तर घाईनं मोठा पंप लावून विहीर कोरडी करू नका. आजूबाजूची वाळूही खारटच झालेली असते, तेच पाणी पुन्हा आत येईल आणि खालचंही वर येईल. पाऊस पडू द्या, थोडं थोडं उपसत राहा.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या

शोषखड्डा विहिरीच्या चढाला खणणे. पुळणीच्या वाळूत मैलपाणी फार लांब जातं, विहिरीच्या उतारालाच आणि जितका लांब नेता येईल तितका न्या.

आरओचं टाकाऊ पाणी विहिरीजवळच सोडणे. जे मीठ काढायला पैसे दिले तेच परत मुरवताय.

पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून जागा ठरवणे. किनाऱ्यावर कुठंही खणा, पाणी आहे. पाणाड्याला तिथं फुकटचं यश मिळतं. मोबाइलवर पाणी शोधणाऱ्या ॲपबद्दल मी बोलणार नाही, माझं ब्लडप्रेशर वाढतं.

छताचं पाणी पहिल्या पावसापासूनच विहिरीत सोडणे. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस वाया जाऊ द्या, मग गाळणीतून सोडा. हे मात्र कराच. पाचशे चौरस फूट छतावर कोकणच्या पावसात लाखभर लिटरच्या वर पाणी पडतं.

लोखंडी पाइप वापरणे. गंजतो.

कायदा न बघणे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला मनाई आहे. सूट आहे ती तिथल्या वस्तीच्या स्वतःच्या वापराला. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यातही बंधनं आहेत. बोअरची गाडी रात्री बोलावून काम उरकणारे बरेच आहेत, आणि त्यांचेच फोन एप्रिलमध्ये येतात.

पाणी आधीच खारवलं असेल तर

मोटार आजच बंद. उद्या नाही, पाहुणे गेल्यावर नाही. मग खारटपणा कुठून येतो ते शोधायचं. फक्त तुमच्याच बोअरचं पाणी बिघडलं आणि शेजारच्या उथळ विहिरी गोड असतील, तर खालचं पाणी वर ओढलं गेलंय. उथळ विहिरीही एका ओळीत बिघडल्या असतील, खाडीकडच्या आधी आणि आतल्या नंतर, तर समुद्र आडवा आत येतोय आणि हा गावाचा प्रश्न आहे, एकट्यानं मोटार बंद करून सुटणार नाही. ग्रामपंचायतीत बसावं लागेल आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जावं लागेल. फक्त उधाणाला बिघडत असेल तर उघाडी आणि बांध बघा. पावसाळ्यातसुद्धा खारट असेल तर ते बोअर सोडून द्या.

सोडलेलं बोअर झाकण ठोकून ठेवणं पुरेसं नाही. उभं भोक तसंच राहिलं तर खालचं खारं आणि वरचं गोडं यांना तोच रस्ता मिळतो, मोटार नसली तरी. वरून वाळू आणि दगड ओतूनही भागत नाही, त्यातून पाणी आरामात चालतं. पाइप तळापर्यंत सोडायचा, सिमेंटची पातळ लापशी तळापासून भरत पाइप वर वर घ्यायचा, वरच्या दहा-पंधरा फुटांत चिकणमाती दाबून बसवायची. गवंडी म्हणेल, एवढं सिमेंट कशाला, वरून दोन पोती ओततो. त्याला ओतू देऊ नका, आणि काम होईपर्यंत तिथून हलू नका.